तिच्या मापाची सीट

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोटरसायकलच्या सीट बनवायचं दुकान आहे आणि त्याच्या पाटीवर चुकीच्या माणसाचं चित्र आहे. चित्रात एक मिशीवाला गृहस्थ हातात भलीमोठी कात्री धरून हसतोय. हा मास्तर. शहरातले झाडून सगळे मोटरसायकलवाले त्याला मास्तर म्हणतात. मी वरच्या मजल्यावर एकवीस वर्षं राहते आहे आणि या एकवीस वर्षांत त्या माणसाच्या हातात कात्री मी फक्त पाटीवरच पाहिली.

काम करते ती त्याची बायको. दुकानाच्या मधोमध जाड तपकिरी कॅनव्हासचा पडदा होता. पडद्याच्या पुढे मास्तर, दोन खुर्च्या, चहाचे पेले, रेक्झिनच्या नमुन्यांचं पुस्तक आणि अखंड बडबड. पडद्याच्या मागे ती, फोमचे ठोकळे, करवतीसारख्या दातांची लांब सुरी, फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि पायानं चालवायचं जड शिलाई मशीन. गिऱ्हाईक सीट घेऊन निघताना म्हणायचं, "मास्तर, एक नंबर!" आणि मास्तर मान तिरकी करून म्हणायचा, "आपला हातच तसा आहे." मी जिन्यातून हे ऐकायची आणि माझं डोकं तडकायचं. तिला म्हणायची, "अगं, बोलत का नाहीस?" ती तोंडात धरलेल्या टाचण्या काढून म्हणायची, "बाई, बोलायला बसले तर शिवणार कोण?"

हा धंदा मुळात तिच्या वडिलांचा. मास्तर तेव्हा रेक्झिनचे नमुने घेऊन दुकानोदुकानी हिंडायचा. त्यांच्या दुकानात आला, खुर्चीवर बसला, जावई झाला, आणि त्या खुर्चीवरून आजतागायत उठलेला नाही.

सीट बनवायची वडिलांची रीत वेगळी होती, ती फक्त तिलाच येते. मोटरसायकलची सीट काढायची, तिच्या जागी ओलसर वाळूची कॅनव्हासची पिशवी ठेवायची आणि गिऱ्हाइकाला वर बसवायचं. पाय फुटरेस्टवर, हात हँडलवर, डोळे मिटलेले, दहा मिनिटं गप्प. मग माणूस उतरला की वाळूत जो खळगा पडतो, त्यात अकरा ठिकाणी विणायची सुई खुपसून खोली मोजायची आणि त्याबरहुकूम फोम कोरायचा. कुणाचं हाड कुठे टेकतं, कोण कुठल्या बाजूला कलतो, हे सगळं वाळू सांगते. मास्तर गिऱ्हाइकाला हे सांगताना 'प्राचीन विद्या' वगैरे शब्द वापरायचा. खोली किती आणि का, हे विचारलं की म्हणायचा, "ते अंदाजानं कळतं हो!" बारा वर्षं तरी मी हे वाक्य ऐकते आहे. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. अंदाजानं कळतं म्हणणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे.

गेल्या वर्षी एका सकाळी ती वर आली. वयाची चोपन्न वर्षं, केसांत फोमचा भुगा.

"बाई, मी गाडी घेतली."

"कसली?"

"मोटरसायकल. कोरी करकरीत."

"मास्तरांसाठी?"

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याची मला अजून लाज वाटते. इतकी वर्षं तिच्या बाजूनं तावातावानं भांडणारी मी, आणि माझ्याही तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. "चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला चालवता येते?"

"दोन वर्षं झाली. समोरच्या नटबोल्टनं शिकवलं. रोज सकाळी सहाला, बाजारामागच्या मैदानात. ह्यांना वाटतं मी फिरायला जाते."

नटबोल्ट म्हणजे समोरचा मेकॅनिक. वय चाळीस, बोटं कायम काळी, तिला ताई म्हणतो आणि मला आजी. आजी म्हणू नकोस असं मी त्याला दहा वेळा बजावलं आहे. "बरं आजी," म्हणतो.

मी चप्पल घालून खाली गेले. गाडी दुकानापुढे उभी होती. राखाडी रंग, टाकीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मास्तर तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

"बाई, पाहिलंत? आमच्या मंडळींना या वयात हौस आलीय. पडली-बिडली तर?"

"पडले तर उठेन," ती म्हणाली. "तुम्हाला नाही उठवायला लावणार."

"अगं पण तुला कशाला? कुठे जायचं असलं तर मी आहे ना!"

"तुम्हाला सायकल तरी येते का?" मी विचारलं. मास्तरला एकदम फोन आला. त्याला अडचणीच्या वेळी नेहमी फोन येतो.

त्यानंतरचे दोन महिने मी तिला जेवढं आनंदी पाहिलं, तेवढं आधी कधीच पाहिलं नव्हतं. गाडी घेणं निराळं आणि गाडी आपली करणं निराळं, हे मला तेव्हा कळलं. दुकान बंद झालं की ती आणि नटबोल्ट गाडीपाशी बसत. हँडल तिला लांब पडत होतं, म्हणून ते चार बोटं वर आणि तिच्याकडे घेतलं. तिचा पंजा लहान, क्लचची दांडी पकडताना बोटं ताणली जात, म्हणून दांडी बदलली. फुटरेस्ट पुढे घेतले. चौकोनी आरसे काढून गोल बसवले. "चौकोनी आरशात मी पासपोर्टच्या फोटोसारखी दिसते," ती म्हणाली. नटबोल्टनं मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणून दाखवला, तर त्याला म्हणाली, "आवाज करायला आमच्या घरात एक जण आहे, तेवढा पुरे." तीस वर्षांत उरलेले रेक्झिनचे तुकडे तिनं गोणीत भरून ठेवले होते. ते जोडून हत्यारांची एक पिशवी शिवली. काळा, तांबडा, मोरपंखी, एका पोलिसाच्या सीटचा, एका डॉक्टरणीच्या सीटचा, एका पोराच्या पहिल्या गाडीचा. प्रत्येक तुकडा कुणाचा ते तिला तोंडपाठ. पिशवी टाकीच्या बाजूला बांधली आणि पाच पावलं मागे जाऊन पाहत राहिली. मग पुन्हा पुढे आली आणि पट्टा अर्धं बोट डावीकडे सरकवला. असं किती वेळा! दुधाची पिशवी आणायला निघालेली बाई वीस मिनिटं गाडीशी उभी. मी वरून ओरडायची, "अगं, दूध!"

सीट मात्र सगळ्यात शेवटी केली. कारण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. वाळूवर बसलेल्यानं हलायचं नसतं आणि उतरल्यावर खळगा ढासळायच्या आत सुई फिरवावी लागते.

"बाई, तुम्ही मोजाल?"

मी चष्मा पुसला, पर्समधली छोटी डायरी काढली. ती वाळूवर बसली, डोळे मिटले. हजारो लोकांना तिनं असं बसवलं होतं, स्वतः पहिल्यांदाच बसत होती. दहा मिनिटं झाली. उतरली. मी अकरा ठिकाणी सुई खुपसली, आकडे लिहिले आणि म्हटलं, "माझं काहीतरी चुकतंय. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खोल येते."

तिनं स्वतः तळहात फिरवून पाहिला.

"चुकलं नाहीये. उजव्या पायानं मशीन दाबते ना, सगळं वजन डावीकडे पडतं. तीस वर्षं. म्हणून माझी कंबर दुखते होय!" आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. पडद्यापलीकडून मास्तरचा आवाज येत होता: "आपला हातच तसा आहे."

तिनं फोम त्या आकड्यांप्रमाणे कोरला, डावीकडे बोटभर जास्त. मग माझंही माप घेतलं, कारण मागे मी बसणार होते. माझं माकडहाड सत्तरीनंतर बसमध्येही तक्रार करतं, तर तिथे तिनं चक्क भोकच ठेवलं. साधं काळं कव्हर चढवलं. कंपनीच्या सीटवर अर्ध्या तासात तिची कंबर भरून यायची. आता पहिल्याच रविवारी ती एकटी चार तास हिंडून आली आणि धापा टाकत माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, खाली काही आहे असं वाटतच नाही! मी लोकांना तीस वर्षं हे देत होते होय!"

मग बेत ठरला. समुद्राकाठी एक दीपगृह आहे, दीड दिवसाच्या वाटेवर. लहानपणी वडिलांनी तिला नेईन म्हटलं होतं आणि राहून गेलं. चार दिवस, ती आणि मी. सोमवारी सकाळी निघायचं. सीट होती म्हणून बेत होता. ती सीट नसती तर पहिल्या दुपारीच कंबर धरून परत फिरावं लागलं असतं.

त्याआधीच्या गुरुवारी तिच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती बसनं गेली आणि रविवारी सकाळी परत आली. दुकान बंद. गाडी जागेवर नाही. समोर नटबोल्ट मान खाली घालून एक नट घासत होता. तो नट आधीच चकचकीत होता.

"गाडी कुठाय रे?"

"ताई, मी नको म्हटलं होतं. मास्तर ऐकेनात. मैदानावर शो आहे ना, सजवलेल्या गाड्यांचा... आज पहाटेच टेम्पोत घालून नेली."

"माझी गाडी? मला न विचारता?"

"म्हणाले, सरप्राईज आहे."

मी जिन्यातून ऐकलं आणि पर्स तेवढी उचलून तशीच, घरातल्या कपड्यांत तिच्याबरोबर निघाले. वाटेत ती माझ्यापुढे झपाझप चालत होती. मी दोघींच्या वाटचं बोलत होते.

मैदानात पन्नासेक गाड्या. मधल्या चौथऱ्यावर तिची. टाकी पुसून लख्ख केलेली, आणि वर रक्तासारखी लाल, सोनेरी काठाची, टेबलासारखी सपाट सीट. पुढे पुठ्ठा उभा केलेला: 'संकल्पना, रचना व बैठक: मास्तर'. आणि मास्तर इस्त्रीच्या शर्टात वीस-पंचवीस लोकांना वाळूची गोष्ट सांगत होता.

"आली का! या, या. ही आमची मिसेस. मला मदत करते."

ती सरळ चौथऱ्यावर चढली. आधी काठावरून बोट फिरवलं.

"ही शिवण कुणाची?"

"अं?"

"माझी नाही. आणि तुमची असणं शक्य नाही. कुणाकडून शिवून घेतलीत?"

"अगं, नदीपलीकडच्या दुकानातून... तू नव्हतीस ना! हळू बोल."

ती सीटवर बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आपल्या घरात शिरावं आणि भिंती हलवलेल्या असाव्यात, तसा तो चेहरा झाला.

"आतला फोम कुठाय?"

"तेच तर सांगतोय! डावीकडे फोम बसला होता. हा एवढा खड्डा! परीक्षकांनी हात लावला असता तर दुकानाची अब्रू गेली असती. नवा तयार फोम आणून घातला. बघ कसा सपाट आहे. तुझंच काम सुधारलं मी."

"जुना कुठाय?"

"टाकला. कचऱ्याची गाडी घेऊन गेली शुक्रवारी."

इथे मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "अहो, तीस वर्षं ज्या पडद्याला टेकून खाल्लंत, त्याच्या मागे काय चालतं ते एकदा तरी डोकावून पाहायचं होतं! खड्डा म्हणे!" एक तरुण फोनवर शूटिंग करायला लागला, त्याला म्हटलं, "नीट कर, आवाज यायला हवा."

मास्तर खरोखर गोंधळला होता. आणि मला सगळ्यात संताप याचाच आला. तो लबाडी करत असता तर एक वेळ परवडलं असतं. पण त्याला मनापासून वाटत होतं की आपण बायकोची चूक झाकली. "मला वाटलं तू खूश होशील," तो म्हणाला. "बक्षीस मिळालं असतं."

"डावीकडे खोल का होतं, माहितीये तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"फोम हलका लागला असेल..."

"फोम नवा होता. कंबर जुनी आहे." ती चौथऱ्यावरून उतरली. "तीस वर्षं एका पायानं मशीन दाबून ती डावीकडे झुकली. ते माझं माप होतं. तुम्ही ते कचऱ्यात टाकलंत."

गर्दीतल्या एका जाड गृहस्थानं तेवढ्यात विचारलं, त्याला बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं, "मास्तर, पण खोली किती ठेवायची हे ठरवता कसं?"

मास्तरनं घसा खाकरला. "ते... अंदाजानं..."

"बाई," ती माझ्याकडे वळली, "डायरी आहे?"

होती. पर्समध्येच. ज्याला अंदाजानं काही कळत नाही, तो लिहून ठेवतो.

तिनं किल्ली फिरवून सीट काढली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. रेक्झिनच्या तुकड्यांच्या पिशवीतून पकड, सुरी आणि खडू काढला. पकडीनं लाल कव्हरच्या पिना उपटायला लागली. टक, टक, टक. मास्तर वाकून कुजबुजला, "अगं, काय करतेस? लोक बघतायत! परीक्षक येतील आता!"

"बघू देत. पडदा घरी राहिला."

कव्हर बाजूला झालं. आतला फोम पांढराशुभ्र, निर्बुद्ध, सपाट. तिनं खडूनं अकरा खुणा केल्या. "सांगा बाई."

"पहिली, दीड बोट. दुसरी, पावणेदोन. तिसरी, डावीकडची, पावणेतीन..."

मी मोठ्यानं वाचत होते, वर्गात वाचावं तशी, आणि ती कोरत होती. सुरी फोममधून जाताना कोरडा, खसखसणारा आवाज येतो. भुगा तिच्या केसांत उडत होता. गर्दी हळूहळू खालीच बसली. मघाच्या जाड गृहस्थानं तिच्यावर सावली पडावी म्हणून पुठ्ठा उचलून धरला. तो 'रचना व बैठक: मास्तर' लिहिलेला पुठ्ठा होता. मास्तरनं तो परत मागितला नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे माझी सीट पण यांनीच...?" आणि दुसरा म्हणाला, "तुझी काय, माझी पण."

पाऊण तासात झालं. बॅनर लावणाऱ्याकडून पिना मारायचं यंत्र मागून आणलं. कव्हर सपाट सीटसाठी शिवलेलं, ते खळग्यांवर सैल पडलं, सगळीकडे चुण्या. इतकी वेडीवाकडी सीट तिच्या हातून आयुष्यात झाली नसेल. तिनं ती बसवली, वर बसली, डोळे मिटले. डावीकडे थोडी कलली. मग डोळे उघडले.

"बसा बाई."

माझी मागची सीट मास्तरनं फक्त लाल करून घेतली होती. आतलं भोक शाबूत होतं. मी बसले.

"अगं, निघालीस कुठे? शो चालू आहे! आणि मी घरी कसा येऊ?" मास्तर म्हणाला.

"बसनं या," ती म्हणाली. "मागची सीट बाईंच्या मापाची आहे."

बक्षीस दोन सायलेन्सर लावलेल्या कुणा हिरव्या गाडीला मिळालं म्हणे.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो, ठरल्याप्रमाणे. मला वाटलं होतं ती वाटेत रडेल, चिडेल, निदान नवऱ्याला शिव्या तरी देईल. तिनं फक्त गाडी चालवली. पहिल्या दिवशी सहा तास, दुसऱ्या दिवशी चार. मध्ये एकदा आरशात पाहून ओरडली, "बाई, जाग्या आहात ना?" दीपगृहाच्या एकशे चाळीस पायऱ्या ती चढून गेली. मी खाली गाडीशी थांबले आणि एका पोराला तिच्यावर बसायचं नाही म्हणून दम दिला.

चार दिवस दुकान उघडंच होतं. मास्तर खुर्चीवर होता, चहा होता, गिऱ्हाइकं येत होती. एकही सीट झाली नाही. आम्ही परतलो तेव्हा दारात सात सीटांचा ढीग पडला होता आणि मास्तर म्हणाला, "बरं झालं आलीस, लोक खोळंबलेत." बस्स. एवढंच. माफी नाही, काही नाही. मला वाटलं, याच्या डोक्यात आपणच आता एक सुई खुपसून खोली मोजावी.

तिनं हेल्मेट काढलं, आत गेली आणि स्टुलावर चढून तो पडदा कड्यांसकट खाली ओढला. धुळीचा लोट उठला. मास्तर शिंकत राहिला. त्या कॅनव्हासची तिनं त्याच दिवशी आपल्या सीटची कव्हरं शिवली, तपकिरी, दुहेरी शिवणीची, पुढची आणि मागची. लाल रेक्झिन नटबोल्टनं हात पुसायला नेलं. मशीन आता रस्त्यावरून दिसतं.

तुम्हाला वाटेल, मग सगळं ठीक झालं. कसलं ठीक! पाटी तीच आहे. मास्तर खुर्चीवरच आहे, आणि परवा एकाला सांगत होता, "हिला मीच तयार केलं." मी जिन्यातून खाली ओरडले, "कधी हो? चहा पिता पिता?" तेव्हापासून मी वर असले की तो दबक्या आवाजात फुशारकी मारतो.

मागच्या महिन्यात त्यानं तिच्याकडे एक मागणी केली. दिवसभर बसून बसून पाठ धरते, तेव्हा आपल्या खुर्चीला मापाची गादी हवी. तिनं वाळूची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मला हाक मारली. दहा मिनिटं तो डोळे मिटून गप्प बसला, हा त्या दुकानाच्या इतिहासातला विक्रम असेल. तो उठल्यावर मी अकरा ठिकाणी सुई खुपसली, आकडे लिहिले, आणि खात्री करायला पुन्हा मोजले.

"काय आलं बाई?" तिनं विचारलं.

"दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या," मी म्हटलं. "तीस वर्षांत कुठल्याच बाजूला जोर पडलेला नाही."

"म्हणजे चांगलंच ना?" मास्तर म्हणाला.

ती सुरी घेऊन फोमकडे वळली. डायरीचं पान मी फाडून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, पाटीवर लावा.